दोन जहाजे आणि एक मतभेद

विनयपिटकाच्या महावग्गात भगवंतांनी भिक्खूंना नावेवर वर्षावास करण्याची अनुज्ञा दिल्याचा उल्लेख आहे. समुद्रावर सीमा बांधता येत नाही. मध्यम बळाच्या पुरुषाने सभोवार फेकलेले पाणी जेथवर पडेल, तेवढे क्षेत्र संघकर्मासाठी एक मानावे, असेही तेथे सांगितले आहे. समुद्रापासून दूर असलेल्या नांदेड-लातूरकडील वाचकांस हा नियम किरकोळ वाटेल. परंतु नावेवर मतभेद झाला तर उठून दुसऱ्या विहारात जाता येत नाही. आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आढळते. ते मात्र ख्रिस्ती धर्मप्रचारकांचे आहे.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम येथे जडसन, न्यूवेल, नॉट, हॉल व राईस या पाच तरुणांना धर्मप्रचारासाठी दीक्षा देण्यात आली. जडसन व न्यूवेल सपत्नीक 'कॅरॅव्हान' जहाजाने निघाले. उरलेले तिघे 'हार्मनी'ने. पहिल्यास कलकत्ता गाठण्यास सुमारे चार महिने लागले, दुसऱ्यास साडेपाच.

श्रीरामपूरला केरी आदी बाप्टिस्टांशी गाठ पडणार, तेव्हा स्वपंथाची बाजू मांडता यावी म्हणून जडसन जहाजावर मूळ ग्रीक ग्रंथ अभ्यासू लागले. घडले उलटेच. अर्भकावर पाणी शिंपडणे हा खरा बाप्तिस्माच नव्हे, या मताकडे ते झुकले. पत्नी ॲन यांचा प्रथम तीव्र विरोध होता. तिकडे 'हार्मनी'वर राईस सहप्रवासी इंग्रज बाप्टिस्टांशी वाद घालीत होते. अखेर ६ सप्टेंबरला जडसन दांपत्याने व १ नोव्हेंबरला राईस यांनी कलकत्त्यास नवा बाप्तिस्मा घेतला. एका मिशनमध्ये राहणे उभय पक्षांना अशक्य झाले.

त्यातच कंपनी सरकारने देश सोडण्याचा हुकूम दिला. मॉरिशसकडे जाताना हॅरिएट न्यूवेल जहाजावर प्रसूत झाल्या. मूल पाचच दिवस जगले. ३० नोव्हेंबरला वयाच्या १९व्या वर्षी त्याही वारल्या. मतभेदाच्या चर्चेत या मृत्यूंचा विसर पडतो, हे योग्य नव्हे.

विनयात 'नानासंवासक' ही संज्ञा आहे. संघकर्म वेगळे करणारा भिक्खू तेवढ्याने भिक्खुत्वास मुकत नाही. या पाचांपाशी असा नियम नव्हता, तरी ते जवळजवळ तसेच वागले. जडसन १८१३ साली रंगूनला गेले आणि बौद्धांच्या देशात त्यांना पालीचा अभ्यास करावा लागला. हॉल व नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस उतरले. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. याच मिशनची, मिस फॅरर यांची अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात शाळा काढली.