सातबारा कोणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात मी 'बेंच'वर आलो. आयटीतल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी: प्रोजेक्ट संपलं, दुसरं मिळालं नाही, पगार चालू पण काम नाही. रोज सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून ऑफिसात जायचं, कॅफेटेरियात तीन-चार चहा प्यायचे, आणि कोणी "सध्या कुठे रे?" विचारलं की काहीतरी पुटपुटायचं. पाच वर्षं "मी पेमेंट्सच्या टीममध्ये आहे" हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय, की त्यातला मधला भाग कोणीतरी काढून घेतल्यावर उरलेलं "मी... आहे" एकदम विचित्र वाटायला लागलं.

अशा वेळी माणूस एक तर नोकरीच्या साइट्स उघडतो नाही तर अध्यात्माचं पुस्तक. मी दोन्ही उघडलं :)

पुस्तक होतं 'आय ॲम दॅट'. माझ्या हैदराबादी रूममेटने दिलं. चारशेच्या वर पानं, सगळं इंग्रजीत, सगळी प्रश्नोत्तरं. आणि उत्तरं देणारा माणूस कोण, तर मारुती शिवरामपंत कांबळी, म्हणजे निसर्गदत्त महाराज. मालवणजवळच्या कांदळगावात वाढलेला, मुंबईत विड्यांचं दुकान चालवणारा. हे सगळं मराठीत बोलला. म्हणजे एका मराठी माणसाचं बोलणं मी, एक मराठी माणूस, एका तेलुगू मित्राकडून घेऊन इंग्रजीत वाचत होतो. जरा लाजच वाटली. मग दोन वीकेंड त्यामागे लागलो. त्यात जे सापडलं ते लिहून ठेवतोय.

मारुती कांबळींचा जन्म १८९७ चा, हनुमान जयंतीचा, म्हणून नाव मारुती. शिक्षण जवळजवळ नाहीच. १९१५ मध्ये वडील गेले, १९१८ च्या सुमारास पोटासाठी मुंबईत. आधी कुठेतरी कारकुनी, मग स्वतःचं छोटं दुकान, मुख्य माल विड्या. धंद्याचं डोकं असणार, कारण एकाची करत करत आठेक दुकानं झाली. १९२४ मध्ये सुमतीबाईंशी लग्न, पुढे तीन मुली आणि एक मुलगा. १९३३ मध्ये एक मित्र आग्रहाने त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे घेऊन गेला. गुरूंनी सांगितलं ते थोडक्यात असं: तू स्वतःला जो समजतोस तो तू नाहीस, 'मी आहे' एवढ्याच जाणिवेवर लक्ष ठेव. 'मी अमुक आहे' मधलं 'अमुक' गाळायचं आणि उरेल त्यावर थांबायचं. बस, एवढंच. सिद्धरामेश्वर १९३६ मध्ये गेले. गुरू-शिष्याचा सहवास जेमतेम तीन वर्षांचा.

आता इथे माझा गावाकडचा धागा जुळतो. मी पुसदचा. लहानपणी आमची वर्षातली ठरलेली सहल म्हणजे माहूर. धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा संपतो, नांदेड लागतो, आणि मग घाट. आधी रेणुकामाता, मग दत्तशिखर, मग अनसूया. आम्हा पोरांचं लक्ष विड्याच्या प्रसादाकडे आणि माकडांकडे. निसर्गदत्तांची गुरुपरंपरा शोधताना कळलं की ती सुरू होते दत्तात्रेयापासून. दत्त, मग नवनाथांपैकी रेवणनाथ, आणि बरंच खाली येऊन निंबर्गीचे महाराज, उमदीचे भाऊसाहेब महाराज, मग सोलापूरकडच्या पाथरीचे सिद्धरामेश्वर, मग आपले विडीवाले. यातली वरची नावं परंपरेची आणि खालची चार इतिहासाची, हा फरक मनात ठेवलेला बरा. पण ज्या अवधूत गीतेचं कर्तेपण परंपरा दत्ताकडे देते, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगते: तू आणि हे सगळं वेगळं नाही. मी मात्र पंचवीस वर्षं त्या शिखरावर जाऊन परीक्षेत पास कर म्हणत होतो.

मुळात हा प्रश्न काही मुंबईत उगवला नाही. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधू' शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानतात. शंकराचार्यांचा अद्वैत विचार ज्यांना संस्कृत येत नाही त्यांच्यासाठी मराठीत. (मुकुंदराज अंबाजोगाईचे, असं मराठवाडा म्हणतो, वैनगंगेवरच्या आंभोऱ्याचे, असं आम्ही वैदर्भीय म्हणतो. हे भांडण माझ्या हयातीत मिटणार नाही.) त्यानंतर शंभरेक वर्षांनी ज्ञानेश्वर. आपण सगळे ज्ञानेश्वरीजवळ थांबतो, पण त्यांचा 'अमृतानुभव' उघडून नुसती प्रकरणांची नावं बघा. शब्दखंडन, अज्ञानखंडन, ज्ञानखंडन. आधी शब्दाची मर्यादा दाखवली. मग विचारलं, अज्ञान म्हणून काही खरोखर आहे का? आणि मग कमाल म्हणजे, अज्ञान मुळात नसेलच तर ते घालवणारं ज्ञान तरी कशाला हवं, म्हणून ज्ञानही मोडीत काढलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, बग कधी नव्हताच, मग हा पॅच कोणी आणि कशावर टाकला? उपमा फार ताणत नाही. पण तेराव्या शतकात, विशीच्या आतबाहेरच्या वयात, स्वतःच्याच विषयातल्या सगळ्या संकल्पनांवर असा नांगर फिरवणारा माणूस आपल्या भाषेत होऊन गेला आणि आपण त्याला फक्त फोटोत हार घालतो.

निसर्गदत्तांकडे परत येऊ. गुरू गेल्यावर १९३७ मध्ये त्यांनी आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात शुक्रवारी संध्याकाळी येतं ते केलं. सोडून दिलं सगळं. घर, बायको, मुलं, दुकानं सोडून हिमालयाच्या ओढीने निघाले. आठ महिने देशभर भटकले. वाटेत एक गुरुबंधू भेटले, त्यांच्याशी बोलणं झालं, आणि ध्यानात आलं की संसारात राहून अलिप्त असणं हे जास्त खरं. परत आले. तोवर दुकानांचा बाजार उठला होता, एकच उरलं होतं. ते म्हणाले, पोटापुरतं पुरे. मग तेच दुकान वर्षानुवर्षं. सुमतीबाई १९४० च्या दशकात गेल्या. खेतवाडीतल्या दहाव्या गल्लीतल्या घरात पोटमाळ्यावर लोक जमायला लागले. आधी गल्लीतले, मग मुंबईतले, मग सातासमुद्रापलीकडचे.

ते सातासमुद्रापलीकडचे आले एका इंजिनिअरमुळे. हा माणूस मला महाराजांपेक्षाही जास्त आवडून गेला, माझ्या बिरादरीचा म्हणून असेल. मॉरिस फ्रिडमन, वॉर्साचा पोलिश ज्यू, विजेचा इंजिनिअर. १९३० च्या दशकात बंगळूरच्या सरकारी इलेक्ट्रिक कारखान्यात मोठ्या पदावर आला. आणि भारतात येऊन काय केलं, तर संन्यास घेतला, भारतानंद नाव घेतलं. रमण महर्षींकडे बसला, कृष्णमूर्तींना ऐकलं, गांधींकडे गेला. म्हणजे आजच्या हिशोबाने पक्का 'साधक टुरिस्ट' म्हणून आपण मोडीत काढला असता.

पण थांबा. हाच माणूस औंध संस्थानात पोचला. ७२ गावांचं चिमुकलं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्कारवाले, आणि त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत. यांच्यासोबत आणि गांधींच्या सल्ल्याने एक घटना तयार झाली, जिच्यात राजाने स्वतःहून सत्ता गावांच्या पंचायतींना दिली. साल १९३९. त्या कामात फ्रिडमनचा मोठा वाटा. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत झाली, तीही त्याच्या कल्पनेतून. शिक्षा झालेल्या माणसांनी भिंतीशिवाय राहायचं, शेती करायची, कुटुंब आणायचं. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) त्याच प्रयोगावरून सुचलेला.

मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचेना. कारण 'मी कोण' हा प्रश्न विचारणारी माणसं आपापल्या गुहेत जाऊन बसतात असं माझं पक्कं मत होतं. इथे एक राजा 'मी राजा' मधलं राजा गाळतोय, आणि एक इंजिनिअर 'हा खुनी' मधलं खुनी गाळून त्या माणसाला नांगर देतोय. फ्रिडमनने हे काम अद्वैत वाचून केलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण स्वतःच्या नावाला चिकटलेलं लेबल ज्याला एकदा सैल वाटलं, त्याला दुसऱ्याच्या नावाचं लेबलही दगडी वाटत नसणार.

हाच फ्रिडमन पुढे खेतवाडीच्या पोटमाळ्यावर येऊन बसायला लागला. मराठी बोलणं टेपवर घेतलं, त्यावरून इंग्रजी केलं, आणि १९७३ मध्ये चेतना प्रकाशनाने ते छापलं. तेच माझ्या रूममेटचं पुस्तक. महाराज त्यानंतरही त्याच जागी बोलत राहिले. घशाचा कॅन्सर झाला तरी बोलत राहिले, आणि ८ सप्टेंबर १९८१ ला त्याच घरात गेले.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी गेल्या आठवड्यात गावी गेलो. बेंचवर सुट्टी लगेच मंजूर होते, हा एक फायदा.

मामा महागाव तालुक्यात राहतात. सहा एकर, पऱ्हाटी आणि तूर. त्याच तालुक्यात चिलगव्हाण आहे. १९ मार्च १९८६ ला तिथल्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह आयुष्य संपवलं. राज्यातली पहिली जाहीर झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती तारीख सांगतात, आणि दर १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करतात. करपे भजनात रमणारे होते. म्हणजे 'देह नश्वर' हे त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा म्हटलं असणार.

रात्री अंगणात बाजेवर बसून मी मामांना मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. देह मी नाही, नाव मी नाही, मन मी नाही. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. मंग सातबारा कोनाच्या नावावर हाय? आन सोसायटीचं कर्ज?"

मी म्हटलं, मामा, ते व्यवहारात...

"बाप्पा, आमचं समदं व्यवहारातच हाय. तुले बसून पगार भेटते, म्हून हे सुचून राह्यलं."

मला उत्तर आलं नाही. नंतर रात्रभर विचार केला. सातबाऱ्यावरचं नाव माणसापेक्षा चिवट असतं. माणूस गेला तरी वारस नोंद होते, फेरफार होतो, आणि कर्ज मुलाच्या दारात येऊन उभं राहतं. तलाठ्याच्या दफ्तरातला हा 'मी' आत्म्याइतकाच न मरणारा आहे. त्याला 'संकल्पना' म्हणणं मला पुण्यात बसून सोपं आहे. ज्याच्या उरावर ती संकल्पना बसलीये त्याला "तू ती नाहीसच" असं सांगणं यात मला आता थोडा क्रूरपणाच दिसतो. हे वाक्य फक्त स्वतःला सांगायचं असतं. दुसऱ्यासाठी औंधसारखं काहीतरी करावं लागतं, कागदावरचा 'मी' कागदावरच बदलावा लागतो.

पण मग हेही आठवत राहिलं, की आमच्याकडे कर्जापेक्षा आधी माणसाला मारते ती लाज. 'मी कर्जबाजारी', 'मी बुडालेला', 'मी पोरीचं लग्न न करू शकलेला बाप'. त्या अमुकाला जर कोणी वेळेवर सैल करू शकलं असतं तर? भजनातून तेच होणार होतं ना? की भजन म्हणणाऱ्या सगळ्या गावालाही ते नुसतं म्हणायचंच माहीत होतं? इथे माझी गाडी अडते. माझं स्वतःचं बघा, पगार चालू असूनही 'बेंचवरचा' एवढा शब्द महिनाभर मला झोपू देत नव्हता.

सकाळी मामा चहा पिता पिता स्वतःहून त्याच विषयावर आले. रात्री त्यांनीही विचार केला होता म्हणायचा.

"त्या विडीवाल्याची आठ दुकानं होती म्हनतं?"

"हो."

"आन तो आठ महिने निंगून गेला. मंग परत येऊन एक भेटलं."

"हो, तेवढं पुरे म्हणाले."

"त्यायले पुरे. पन आठ महिने लेकराबाळाचं कोनं पाह्यलं? त्याच्या बायकोले इचारलं का कोनं?"

मी पुस्तकातलं आठवून पाहिलं. मामी आतून म्हणाली, "आता बोला." तेवढ्यात व्यापाऱ्याचा छोटा हत्ती दारात येऊन लागला आणि मामा कापसाचा काटा करायला उठले. मीही उठलो, गाठोडी उचलू लागायला.