मण्यार, घोडा आणि कागदाची पट्टी

आमच्या घरात एक प्रश्न चाळीस वर्षं तसाच पडून आहे. आण्णाकाका कशानं गेले?

१९८४ सालची गोष्ट. मिरग अजून लागला नव्हता. वीज रात्रीची, म्हणून काका उसाला पाणी द्यायला मळ्यात गेले आणि खोपीत जमिनीवरच पोतं टाकून झोपले. पहाटे पोटात कळा. अंगावर जखम नाही, सूज नाही. एका डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं. दहाच्या सुमारास पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं. शिक्रापूरहून पुण्याला नेताना वाघोलीच्या अलीकडेच श्वास थांबला.

कुणी म्हणालं पान लागलं. कुणी म्हणालं काहीतरी खाण्यात आलं. रात्रीचा डबा काकूनं बांधून दिला होता. यापुढचं लिहीत नाही, इथे घरचेही वाचतात. एवढंच सांगतो की त्यानंतर काकू पंगतीत कुणाला वाढायला पुढे झालेली मी पाहिली नाही.

मोठेपणी सापांवर वाचत गेलो तेव्हा कळलं, की ही मण्यारीची लक्षणं आहेत. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दातांच्या खुणा धड दिसतही नाहीत. घोणस किंवा फुरसं असेल तर साधी युक्ती आहे : काचेच्या स्वच्छ नळीत रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं नाही तर विष भिनलंय. मण्यारीचं विष नसांवर चालतं, त्यामुळे रक्त नेहमीसारखं गोठतं आणि चाचणी काहीच सांगत नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच. म्हणजे कुठला साप हे कळायचीसुद्धा गरज नव्हती. साप चावलाय, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं!

ही लस येते घोड्याकडून. अल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरनं १८९० च्या दशकात दाखवून दिलं, की जनावराला थोडंथोडं विष टोचत गेलं तर त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. मुंबईची हाफकिन संस्था १८९९ मध्ये प्लेगसाठी सुरू झाली, पुढे ती सापाच्या लशीसाठीही ओळखली गेली. तिचे घोडे तर आमच्यापासून फार लांब नाहीत, पिंपरीत. ऑस्ट्रेलियात गेल्या शतकातच अशा प्रतिपिंडांवर चालणारी विष ओळखायची पेटी निघाली. पण प्रतिपिंड म्हटलं की जनावर आलं, थंड साठवण आली.

जनावराशिवायची वाट १९९० मध्ये सापडली, तीही अमेरिकेत एकाच वेळी दोन ठिकाणी. कोलोरॅडोत लॅरी गोल्ड आणि क्रेग ट्युर्क, बॉस्टनला जॅक शोस्टाक आणि अँड्र्यू एलिंग्टन. आजी सुपात धान्य पाखडायची, साधारण तसंच काम. आरएनएचे किंवा डीएनएचे अब्जावधी निरनिराळे तुकडे घ्यायचे आणि हव्या त्या रेणूशी भिडवायचे. जे चिकटतील ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे. उरलेल्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा पाखडायचं. आठ-दहा फेऱ्यांनंतर जे तुकडे राहतात ते घडी पडून त्या रेणूवर नेमके बसतात. एलिंग्टन आणि शोस्टाक यांनी त्यांना ‘ॲप्टामर’ म्हटलं, ‘नेमकं बसणारं’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. (शोस्टाकना २००९ मध्ये नोबेल मिळालं, पण दुसऱ्याच कामासाठी.)

फरिदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमधल्या तरुणकुमार शर्मांच्या गटानं हे तंत्र क्षयाच्या निदानासाठी वापरलं. थुंकीतलं जंतूंचं प्रथिन पकडायला त्यांचा ॲप्टामर प्रतिपिंडांपेक्षा सरस ठरला. पण मी अडखळलो ते त्यांच्या दुसऱ्या कामाशी. २०१८ मध्ये त्यांनी बाहेरच्या एका मण्यारीच्या विषासाठी आधी शोधलेला ॲप्टामर छाटून आखूड केला, तर तो आपल्या मण्यारीचं विषही ओळखू लागला. २०२१ मध्ये आपल्याच मण्यारीच्या विषावर नवे ॲप्टामर पाखडून काढले आणि ते कागदाच्या पट्टीवर बसवले.

हे सगळं प्रयोगशाळेतलं काम, माझ्या गावच्या दवाखान्यातलं नव्हे. तरी वाचून झाल्यावर काकूला फोन लावला. पट्टीचं तिला काय सांगणार? मण्यारीचं सांगितलं. पोटातल्या कळा, मिटत जाणाऱ्या पापण्या, कुठेच खूण नसणं.

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग म्हणाली, “डब्यात शेपूची भाजी होती रे. मीपण तीच खाल्ली होती.”