युग्मकजनन, मानवी

युग्मकजनन, मानवी : स्त्रीच्या अंडाशयात अंडाणू व पुरुषाच्या वृषणात शुक्राणू ज्या क्रमाने सिद्ध होतात, ती प्रक्रिया. या पेशींचे मूळ जननग्रंथींत नसते. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना पीतककोशाच्या भित्तीत दिसू लागलेल्या आदिजननपेशी पश्चांत्राच्या कडेने स्वतः सरकत सहाव्या आठवड्याच्या सुमारास भावी जननग्रंथींच्या जागी दाखल होतात.

पुढे अर्धसूत्री विभाजनाने ४६ गुणसूत्रांची २३ होतात. सदाशिव पेठेतील सर परशुरामभाऊ महाविद्यालयात (स्थापना १९१६) वा अन्यत्र प्राणिशास्त्र शिकताना ज्याने टोळाच्या वृषणाची रंजित काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली निरखली असेल, त्याला सजातीय गुणसूत्रे जोडीजोडीने बिलगलेली, कोठे कोठे फुलीच्या आकाराने गुंतलेली, आणि नराचे एकुलते एक एक्स गुणसूत्र जोडीदारावाचून बाजूस राहिलेले, असे दृश्य स्मरत असेल. मानवात त्या एक्सला ठेंगण्या वायची सोबत असते.

पुरुषात हे विभाजन वयात आल्यावर सुरू होऊन वार्धक्यापर्यंत चालते. एका मातृपेशीपासून चार शुक्राणू होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, आणि त्यासाठी देहाहून दोन-तीन अंश कमी उष्णता लागत असल्याने वृषण उदरपोकळीबाहेर असतात.

स्त्रीची पुंजी मात्र जन्मापूर्वीच ठरते. गर्भाच्या पाचव्या महिन्यात सुमारे ७० लाख असलेल्या जननपेशींपैकी जन्मवेळी १० ते २० लाख आणि वयात येताना तीन-चार लाख शिल्लक राहतात, व त्यांतील चार-पाचशेच पक्व होऊन बाहेर पडतात. त्यांचे विभाजन गर्भावस्थेतच सुरू होऊन मध्येच थांबते, तेव्हा आई आजीच्या उदरात असतानाच नातवंडाची बीजपेशी तयार असते, हे विधान अक्षरशः खरे आहे. चाळिशीतल्या मातेच्या अंडाणूत गुणसूत्रांच्या वाटणीत चुका अधिक होतात, त्याचे एक कारण हा प्रदीर्घ विराम होय. दुसरे विभाजन तर शुक्राणूचा प्रवेश झाल्यावरच पुरे होते.

अंडाणूत सदैव एक्स, शुक्राणूत एक्स किंवा वाय, अशी स्थिती असल्याने अपत्याचे लिंग शुक्राणूमुळे ठरते. मुलीच झाल्या म्हणून सुनेस बोल लावून मुलाचे दुसरे लग्न करण्याच्या रिवाजाने पिढ्यान्‌पिढ्या घोर अन्याय केला आहे.

पक्व अंडाणू अंडाशयातून काढून देहाबाहेर फलित करण्याचे कार्य मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या सहकार्याने तडीस नेले. त्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी कन्या जन्मली.