२८ अंशांची थंडी

परवा भाचीचा फोन आला. "मामा, वेटसूट विकत घेतेय. ३ मिलिमीटरचा घेऊ की ५ चा? डिसेंबरात आई आणि मी अंदमानला जातोय. पाणी २८ अंश असतं म्हणे, मग सूट हवा तरी कशाला?"

२८ अंश म्हटलं की मला अजून कापरं भरतं. २०१२ साली याच मुलीबरोबर मी हॅवलॉकला (२०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे) चार दिवस डाइव्हिंग केलं होतं. भाड्याचा सूट होता, छातीवर ३ मिमी असं छापलेलं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या डाइव्हला १८ मीटरवर मला चक्क थंडी वाजायला लागली. आता पुण्यात जानेवारीत गार पाण्याने आंघोळ करणारा माणूस मी! कोमट समुद्रात कुडकुडतोय हे शिक्षकाला खुणेने सांगायची लाज वाटली. तसाच पोहत राहिलो.

पाण्याखाली जोडीदाराने एकमेकांची हवा बघायची असते. मी तिची बघितली नाही आणि माझीही नाही. डोकं चालतच नव्हतं. शेवटी तिनेच माझा गेज हातात धरून डोळ्यांसमोर आणला, तेव्हा काटा लाल पट्ट्यात होता. सुखरूप वर आलो. बोटीवर टॉवेल गुंडाळून बसलो होतो, तर ती एवढंच म्हणाली, "आईला नको सांगूया." तेव्हा तिला विसावं लागलं होतं आणि मी तिचा जबाबदार मामा म्हणून बरोबर गेलो होतो...

असो. तर उत्तर द्यायच्या ऐवजी मी सवयीप्रमाणे इतिहासात शिरलो.

निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यू पाँट कंपनीत १९३० साली सापडलं, पण ते अंगावर चढायला आणखी वीस वर्षं गेली. दुसऱ्या महायुद्धातल्या पाणसैनिकांकडे पातळ रबराचे कोरडे पोशाख असत. कल्पना सरळ होती, पाणी आत येऊच द्यायचं नाही. पण एखादा काटा लागला, एक शिवण उसवली की संपलं. पॅसिफिकच्या उष्ण पाण्यात किनारे तपासायला जाणारे अमेरिकन जलतरणपटू तर बहुतेक वेळा नुसत्या चड्डीवरच जात.

१९५१ साली ह्यू ब्रॅडनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हा प्रश्न उलटा करून पाहिला. युद्धकाळात हा गृहस्थ लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या प्रकल्पावर होता, नंतर बर्कलीला आला. त्याचं म्हणणं असं, की ऊब राहायला माणूस कोरडा असण्याची गरजच नाही. पाणी आत आलं तर येऊ दे, फक्त ते खेळतं राहता कामा नये. थंडी अडवायचं काम करतील कापडात कोंडलेले वायूचे बुडबुडे. त्यासाठी फेसाळ निओप्रीन वापर, हे त्याला विलर्ड बॅस्कम या सागरशास्त्रज्ञाने सुचवलं. ब्रॅडनरने ही कल्पना मांडली ते पत्र २१ जून १९५१ चं आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण डाइव्हिंग शिकवणारेसुद्धा तो बिनदिक्कत सांगतात. सूटच्या आतलं पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि तेच आपल्याला गरम ठेवतं म्हणे. तसं नाही. त्या पाण्याला तापवायला तुमचीच ऊब खर्च होते. राखण करतात ते बुडबुडे.

ब्रॅडनरला यातून पैसा मिळाला नाही. नौदलालाही धास्ती, की बुडबुड्यांमुळे आपले पाणबुडे शत्रूच्या सोनारवर दिसतील. पेटंट हाती आलं नाही. पुढे कॅलिफोर्नियातल्याच जॅक ओनीलने आणि मेस्ट्रेल बंधूंनी सूट विकून नाव कमावलं, आणि वेटसूट पहिल्यांदा कुणी केला यावर पुष्कळ वर्षं वाद चालला. ब्रॅडनर २००८ साली गेला.

हे सगळे लोक गार पाण्याचे. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात विनासूट उतरलं की लगेच कळतं, थंडी लपून राहत नाही. आपल्याकडचं २८ अंशांचं पाणी मात्र फसवतं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. उघड्या अंगाने पाण्यात स्वस्थ राहून ऊब टिकवायची तर ३३-३५ अंशांचं पाणी लागतं. म्हणजे २८ अंशांनाही आपण तोट्यातच असतो, फक्त तोटा सावकाश होतो. पहिल्या डाइव्हला जाणवत नाही. दिवसातून दोन-तीनदा, ओळीने तीन-चार दिवस उतरलात की उधारी साचते.

आणि माझ्या छातीवरचे ते ३ मिमी? ते बोटीवरचे ३ मिमी. शाळेतला बॉईलचा नियम आठवा. १० मीटर खाली दाब दुप्पट, बुडबुडे निम्मे. २० मीटरवर एक तृतीयांश. रबर स्वतः तेवढं दबत नाही, पण ऊब त्या रबरात नव्हतीच. शिवाय शेकडो वेळा दाबून सुटलेला सूट परत पूर्वीइतका फुगत नाही. भाड्याच्या दुकानातला माझा सूट किती हंगाम पाहून आला होता देव जाणे.

राहिला माझ्या गार आंघोळीचा तोरा. कोरियाच्या हेन्यो, म्हणजे समुद्रात बुडी मारून शिंपले आणि शेवाळ काढणाऱ्या बायका, १९७० च्या दशकापर्यंत सुती कपड्यांत उतरत. हिवाळ्यात तिथलं पाणी १० अंशांच्या आसपास. साठच्या दशकात शास्त्रज्ञांनी त्यांना तपासलं तेव्हा हिवाळ्यात त्यांच्या शरीराची चयापचयाची गती सुमारे ३० टक्के वाढलेली आढळली. त्यांना कुडकुडायलाही उशिरा लागे. मग वेटसूट आले, आणि काही वर्षांतच पुन्हा मोजलं तर हे सगळं नाहीसं झालेलं. त्या बायकांनी सूट खुशीने घेतला. पाण्यात कितीतरी जास्त वेळ काम करता येऊ लागलं, कुडकुडणं गेलं. ज्यांच्या अंगात थंडी खरोखर मुरली होती त्यांनीही सूट नाकारला नाही. आणि मी सकाळच्या दोन बादल्यांच्या जोरावर खूण करायची टाळली!

रात्री भाचीला फोन केला. म्हटलं, तू ३ चा पूर्ण बाह्यांचा घे, नवा, अंगाला चपखल बसणारा. ढगळ असेल तर पाणी आत-बाहेर खेळत राहील आणि सगळं मुसळ केरात. आई मात्र सडसडीत, साठीला आलेली, आणि मासे बघत एकाच जागी तरंगणारी. तिला ५ चा. फक्त जाड सूट जास्त तरंगतो, कंबरेला शिसं जास्त लागतं, आणि खाली सूट दबला की तेच शिसं जड होतं. म्हणून पहिल्याच दिवशी उथळ पाण्यात वजन नीट तपासून घ्या.

"आणि थंडी वाजली की खूण करायची," ती म्हणाली.

"हो. आईलाही शिकव ती खूण."

"मग आई विचारेल ना, हे कशावरून आठवलं."

"सांग तिला," म्हटलं.