एका युरोचे घर

सिसिली बेटाच्या उत्तरेला मादोनिए नावाची डोंगररांग आहे. तिच्यात सुमारे एक हजार मीटर उंचीवर गांजी हे छोटे शहर वसले आहे. पालेर्मो या राजधानीपासून ते दूर, वळणावळणाच्या रस्त्याने गाठावे लागणारे. वस्ती आज सात हजारांच्या आत. इथली जुनी घरे एका युरोला मिळतात, ही बातमी गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर फिरली. घरासाठी जन्मभर हप्ते फेडणाऱ्या शहरी माणसाला तिचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. पण दगडी भिंतींच्या तीन मजली घराची किंमत एका कॉफीइतकी कशी झाली, हा प्रश्न बातमीत क्वचितच आला. त्याचे उत्तर शोधायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

ही घरे कोणी आणि कशासाठी बांधली, ते आधी पाहू. सिसिलीच्या अंतर्भागातली गव्हाची विस्तीर्ण जमीन मोजक्या सरदार-जमीनदारांच्या हाती होती. 1812 मध्ये सरंजामी हक्क कायद्याने संपले. जमीन मात्र बहुतांशी बड्या हातांतच राहिली. कष्टकरी शेतावर राहत नसे. डोंगरमाथ्यावरच्या दाट वस्तीत तो राही आणि पहाटे खेचर घेऊन तासन्‌तास चालत शेत गाठी. गांजीतले गरिबाचे घर या जगण्याच्याच मापाचे आहे : तळाशी जनावरांचा गोठा, मधे कोंबड्या-शेळ्या, सर्वांत वर माणसे. उतारामुळे तळमजल्याचे दार खालच्या गल्लीत उघडते, तर वरचे दार वरच्या गल्लीत.

1860 मध्ये गॅरिबाल्डीने सिसिली जिंकली आणि पुढच्याच वर्षी इटलीचे एकसंध राज्य जाहीर झाले. डोंगरातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला या राज्याकडून प्रथम आली ती सक्तीची लष्करभरती आणि 1869 पासून दळणावरचा कर. म्हणजे पीठ करायचे तरी सरकारला पैसे मोजायचे. 1884 मध्ये तो कर उठला, तोवर अमेरिकेच्या स्वस्त गव्हाने युरोपातले भाव पाडले होते. 1876 ते 1915 या काळात इटलीतून सुमारे 1 कोटी 40 लाख लोक बाहेर पडले. 1900 नंतर त्यात सिसिलीचा वाटा झपाट्याने वाढला.

गेलेल्यांनी गावाकडे पाठ फिरवली, असे मात्र तेव्हा झाले नाही. ते पैसे पाठवत राहिले आणि अनेकजण परतलेही. अशांना गावात ‘अमेरिकन’ म्हणत, आणि घर बांधणे किंवा जमीन घेणे हा त्यांचा पहिला मोठा खर्च असे. डोंगरातले घर हे तेव्हा सातासमुद्रापार गाळलेल्या घामाचे फळ होते. आज मातीमोल झालेल्या भिंतींमागे हा पैसाही आहे, हे विसरून चालणार नाही.

1924 च्या कायद्याने अमेरिकेचे दार जवळजवळ बंद झाले. 1926 च्या जानेवारीत मुसोलिनीच्या राजवटीतला पालेर्मोचा प्रीफेक्ट चेझारे मोरी याने दरोडेखोरांना पकडण्यासाठी गांजीला वेढा घातला, गावाचे पाणी तोडले आणि घरोघर झडत्या घेतल्या. डोंगरातल्या गावाकडे राज्यसंस्थेचे असे लक्ष बंदोबस्तासाठी गेले. पोटापाण्याच्या सोयीसाठी जायला उशीर झाला. 1950 मध्ये सिसिलीत जमीनसुधारणेचा कायदा आला, पण मिळालेले तुकडे लहान होते. बेल्जियमच्या कोळसाखाणींसाठी 1946 मध्ये आणि पश्चिम जर्मनीसाठी 1955 मध्ये मजूर नेण्याचे करार झाले. शिवाय तोरिनो-मिलानोचे कारखाने होतेच. शेतावर ट्रॅक्टर आला, तशी खेचराची गरज संपली. घराचा तळमजला निरुपयोगी झाला आणि वरच्या मजल्यावरची माणसे निघून गेली.

पुढची कथा मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. इटालियन कायद्यानुसार सर्व मुलांचा वारसाहक्क असतो. तीन पिढ्यांत एका घराला डझनभर मालक होतात. कोणी ब्वेनोस आयरेसला, कोणी न्यू यॉर्कला. आपल्याकडे कोकणातले कुलूपबंद घर सातबाऱ्यावरच्या नावांच्या गर्दीत अडकते, तसेच हे. त्यात 2012 पासून नवा मालमत्ता कर लागू झाला आणि दुसऱ्या घराचा बोजा वाढला. गळक्या छपराचे घर ही मिळकत न राहता डोक्यावरचा भार झाली.

2008 मध्ये सिसिलीतल्याच सालेमी या भूकंपग्रस्त गावाचे महापौर, कलासमीक्षक व्हित्तोरिओ स्गार्बी यांनी एका युरोत घरे देण्याची कल्पना मांडली. मग इतर गावांनी ती उचलली. गांजीत खरेदीदाराने ठरावीक मुदतीत दुरुस्ती पूर्ण करायची आणि हमी म्हणून 5,000 युरो नगरपालिकेकडे ठेवायचे, अशी अट होती. साम्बुका या गावाने 2019 मध्ये 16 घरे काढली, तेव्हा हमीखेरीज तीन वर्षांत किमान 15,000 युरो दुरुस्तीवर खर्च करण्याची अट घातली. वास्तुविशारद, गवंडी, नोटरी यांचा खर्च वेगळाच. तेव्हा एक युरो ही घराची किंमत नव्हेच. दस्तात काहीतरी आकडा लागतो म्हणून तो लिहिलेला. खरा व्यवहार जबाबदारीच्या हस्तांतराचा.

या योजनांनी काय साधले? पडायला आलेली छपरे सावरली, गवंड्या-सुतारांना काम मिळाले. 2014 मध्ये इटालियन दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत गांजी देशातले सर्वांत सुंदर गाव ठरले. पण घर घेतल्याने इटलीत राहण्याचा परवाना मिळत नाही. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला, वेगळा व्हिसा नसेल तर, 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते. अशी कितीतरी घरे सुट्टीपुरतीच उघडतात. उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याने गावच्या शाळेचा पट वाढत नाही.

घर वाचवणे आणि गाव वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. गांजीची घरे भिंती खचल्या म्हणून रिकामी झाली नाहीत. माणसे कामासाठी गेली आणि मग भिंती खचल्या. त्यामुळे डोंगरातले स्वस्त घर पाहायला जाणाऱ्याने किमतीआधी तिथे फेब्रुवारीत किती खिडक्यांत दिवा लागतो, डॉक्टर किती लांब आहे आणि मागचा मालक का गेला, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अजून तेच असेल, तर नव्या मालकाच्या नातवंडांनाही ते घर एका युरोलाच द्यावे लागेल.