तांब्याच्या शुद्धतेचा इतिहास आणि हेडफोनची तार

चेन्नईच्या अण्णा नगरातील एखादा विद्यार्थी हेडफोनची तार स्वतः बनवण्यासाठी रिची स्ट्रीटच्या बाजारात गेला, तर ‘ऑक्सिजनमुक्त तांब्या’साठी जादा पैसे मोजावेत का, हा प्रश्न त्याच्यापुढे येतो. शुद्धतेचा हा आग्रह आला कुठून?

१८५७ मध्ये विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी दाखवून दिले, की बाजारातील तांब्याच्या नमुन्यांची विद्युतवाहकता परस्परांहून फार भिन्न असते. हजारो किलोमीटर लांबीच्या समुद्री तारेत रोध वाढला की संदेश मंदावत असे. म्हणून वाहकता मोजूनच तांबे स्वीकारण्याची प्रथा रुजली. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई–एडन तार टाकली. त्याच सुमारास मद्रासही समुद्री तारेने पेनांग व सिंगापूरशी जोडले गेले. १९१३ मध्ये तांब्याच्या वाहकतेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले.

हेडफोनचा हिशेब मात्र निराळा आहे. दीड मीटरची तार जाऊन-येऊन तीन मीटर होते. ०.०८ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्यात तिचा रोध सुमारे ०.६५ ओहम भरतो. ऑक्सिजनमुक्त तांब्याने त्यात जेमतेम एक टक्का घट होते. ३२ ओहमच्या हेडफोनवर ती कानाला जाणवणार नाही.

खरा धोका तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा आहे. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते आणि वारंवार वाकवल्यास तार लवकर तुटते. म्हणून खरेदीपूर्वी एक तंतू खरवडून पाहावा. आत रुपेरी रंग दिसला, तर ती तार घेऊ नये. पैसे खर्चायचेच असतील, तर ते अनेक बारीक तंतूंच्या, लवचीक तारेवर खर्चावेत.