तुरुंगातून निघालेली परिचर्या

तुरुंगातली नर्स म्हटलं की आपल्याला वाटतं, परिचर्या आधी रुग्णालयात वाढली आणि नंतर कधीतरी तुरुंगात गेली. इतिहास पाहिला तर वाट बरीचशी उलटी दिसते.

अठराव्या शतकातलं इंग्लंड घेऊ. तुरुंगात उवांमधून पसरणाऱ्या टायफसला लोक ‘जेल फीवर’च म्हणत. १७५० मध्ये तो कैद्यांबरोबर लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात शिरला आणि न्यायाधीश, लॉर्ड मेयरसुद्धा दगावले. भिंतींनी माणसं अडतात, रोग अडत नाही. मग १७७४ मध्ये, जॉन हॉवर्ड यांच्या प्रयत्नांतून कायदा झाला: कोठड्यांना चुना लावा, आजाऱ्यांना वेगळी खोली द्या, वैद्य नेमा. पण उशाशी बसायला कोण?

१८१३ मध्ये क्वेकर पंथाच्या एलिझाबेथ फ्राय न्यूगेट तुरुंगात गेल्या. स्त्रिया आणि त्यांची मुलं तिथे दाटीवाटीने राहत होती, आजारी बायका गवतावर पडलेल्या. फ्राय यांनी कपडे नेले, पुढे मुलांसाठी शाळा काढली.

त्यांच्या कामाने भारावलेले जर्मन पाद्री थिओडोर फ्लीडनर यांनी १८३३ मध्ये कैसर्सवर्थला, आपल्या बागेतल्या छोट्या घरात, तुरुंगातून सुटलेल्या एका बाईला आसरा दिला. तीन वर्षांनी त्याच गावात त्यांनी आणि पत्नी फ्रिडेरिके यांनी रुग्णालय आणि परिचारिकांचं शिक्षण सुरू केलं. १८४० मध्ये फ्राय ते पाहून आल्या आणि त्यांनी लंडनमध्ये परिचारिकांची संस्था काढली. १८५१ मध्ये कैसर्सवर्थलाच शिकायला आल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल. म्हणजे बघा, आधुनिक परिचर्येचं एक मूळ तुरुंगाच्या दारात आहे.

आता आपल्याकडे येऊ. १८९४ च्या तुरुंग कायद्याचं कलम ३९ सांगतं, प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा हवी. त्यात वैद्यकीय अधिकारी आहे. त्याच्या हाताखालचे म्हणून असिस्टंट सर्जन, अपोथेकरी, हॉस्पिटल असिस्टंट यांची नावं आहेत. त्या यादीत नर्स नाही.

हा नुसता शब्दांचा प्रश्न नाही. रात्री कैदी छातीत दुखतंय म्हणतो. पहारेकऱ्याला वाटतं, सोंग आहे. नर्सला नाडी पाहायची असते, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. अशा वेळी ती कोणाची माणूस, तुरुंगाची की रुग्णाची? संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनी उत्तर दिलंय: बाहेरच्या समाजाला मिळतो त्याच दर्जाचा उपचार आत मिळायला हवा, आणि उपचाराचा निर्णय आरोग्यसेवकांचाच, तुरुंगाच्या इतर कर्मचाऱ्यांनी तो डावलायचा नाही.

न्यायालय शिक्षा देतं ती स्वातंत्र्य काढून घेण्याची. ताप अंगावर काढण्याची शिक्षा कोणत्याच निकालात लिहिलेली नसते. आत हा फरक रोज कोणीतरी सांभाळावा लागतो, आणि कैद्याच्या खाटेशी सर्वांत जास्त वेळ उभी असते ती नर्स.